मूल जुसेयो

कोरियन भाषेत पाण्याला 'मूल' म्हणतात. ही गोष्ट आमच्या गावात दोनच माणसांना ठाऊक होती. एक भिमाजी हवालदार, तो फाल्गुनात वारला. दुसरा मी. आणि येत्या शुक्रवारी भिमाजीची बायको राहीबाई पाथर्डीहून स्टॅम्पाचा कागद आणून माझ्यापुढे ठेवणार होती. भावाची दोन वर्षांची पोर दत्तक घ्यायची, त्याचा मजकूर मी लिहायचा. नवऱ्याची शेवटची इच्छा होती म्हणून. पोरीची आई चांगुणा रडून रडून अर्धी झाली होती. शुक्रवारपर्यंत मला ठरवायचं होतं, राहीबाईला खरं सांगायचं की तोंड शिवून कागद लिहून द्यायचा.

मी शाळामास्तर. मूळचा नगरचा, नाव दत्तोपंत, पण गावात मला नाव नाही, नुसता गुरुजी आहे. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातली मी गाय. कुणाचा अर्ज असो, कुणाचं पत्र असो, पत्रिकेवरचा मजकूर असो, माझ्याकडे. मला व्याकरणाचं वेड आहे आणि ते वेड मी अंगावर शालीसारखं मिरवतो. मिरवत होतो म्हणू या.

भिमाजी पेन्शनीत निघून गावी आला तो एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला. कोरियातली लढाई थांबली तेव्हा तिथले कैदी सांभाळायला आपल्या पलटणी गेल्या होत्या, त्यात हा होता. काटेरी तारेच्या बाहेर बंदूक घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. थंडी अशी की मिशीवर बर्फ धरायचं, असं तो सांगायचा, आणि आमच्या गावात मिशीवर फक्त धूळ धरत असल्यामुळे लोक हसायचे. शाळा सुटली की तो पायरीवर येऊन बसायचा. तिथे मी त्याच्याकडून कोरियन शिकलो. शिकलो म्हणजे काय, तीस-चाळीस शब्द वहीत उतरवून घेतले. कारण त्याच्याकडे होता तो सगळा आज्ञार्थ होता, आणि आज्ञार्थ माझा आवडता.

"आंजा म्हंजी बस," तो सांगायचा. "इरोना म्हंजी ऊठ. का म्हंजी जा. हे आमचं, पहारेकऱ्याचं. हुकमाचं बोलनं. कैद्याचं निराळं. त्येला शेपूट असतं."

"शेपूट?"

"सेयो. आंजुसेयो. बसा जी. इरोनासेयो. उठा जी. कासेयो. शेपूट तोडलं का हुकूम, जोडलं का इनंती."

हे त्याला एका म्हाताऱ्या कैद्यानं शिकवलं होतं. तोही शाळामास्तरच. भिमाजीनं एका पिकल्या केसांच्या माणसाला 'आंजा' म्हटलं, तर हा मास्तर तारेपलीकडून त्याच्यावर डोळे वटारून ओरडला. "मी बंदूक घिऊन हुबा गुरुजी, आन मलाच वरडतोय! डिक्टो तुमच्यावानी." वडीलधाऱ्याला असं म्हणायचं नाही, शेपूट लावून म्हणायचं, असं त्यानं खुणांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं शेपूट लावलं. सुभेदारानं ऐकलं नाही म्हणून बरं. आणि मागताना एक हात पुढे करायचा नाही, दोन्ही करायचे. एका हातानं मागणं म्हणजे मग्रुरी. तारेपलीकडून दिवसभर असे दोन-दोन हात पुढे यायचे आणि 'जुसेयो, जुसेयो' चालायचं. जुसेयो म्हणजे द्या जी.

भाताला तिकडे 'बाप' म्हणतात. हे त्यानं चावडीवर सांगितलं आणि पुढे वर्षभर गाव त्याला विचारत होतं, "काय हवालदार, आज बाप शिजला का?" तोही हसायचा. पण पाण्याचा शब्द त्यानं मला एकट्याला सांगितला, आणि आवाज खाली आणून.

"पान्याला मूल म्हनत्यात. मूल जुसेयो. सगळ्यात जास्ती हेच ऐकलं म्या तिथं. पर गुरुजी, हे मंडळीत काढू नका. हिच्या कानावर गेलं तर उगा लागंल तिला."

हिच्या म्हणजे राहीबाईच्या. तिला दोन झाली होती. एक मेलेलंच जन्मलं. दुसरं सव्वा महिन्याचं होऊन गेलं, तेव्हा भिमाजी कोरियात तारेपाशी उभा होता. पत्र पोचायला दीड महिना लागला. पुढे काही झालं नाही. त्यानं दुसरी केली नाही, एवढं मात्र त्याचं मोठेपण. बाकी घरात त्याचा आज्ञार्थ कायम एकवचनी. "ए, पानी आन." "ए, चा ठिव." राहीबाईचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "हवालदार, घरात कधी जुसेयो म्हणून बघा की." तर म्हणाला, "घरात कशाला लागतंय ते?"

मी शब्द वहीत लिहिला, वही कपाटात टाकली आणि विसरलो. विसरलो हे खरं आहे. पण हल्ली ते स्वतःला सांगताना मला माझाच संशय येतो.

बहात्तर साल उजाडलं आणि पाऊस आलाच नाही. आमचा तालुका तसाही कोरडाच, पण त्या साली विहिरींचे तळ दिसले आणि तळात लोकांना भांडी सापडली. बाया-माणसं तलावाच्या कामावर माती वाहू लागली. राहीबाईही जायची. आम्हा मास्तरांनाही सरकारनं कामावर हजेरी घ्यायला लावलं. मला सात मैलांवरचं काम दिलं होतं, रविवारी तेवढा घरी यायचो. गावात एक दिवसाआड टँकर यायचा.

माघाच्या शेवटाला भिमाजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चार दिवस नगरला ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवला. गिळताना ठसका लागतो, तेव्हा थोडं थोडं आणि जपून भरवा म्हणाले. घरी आल्यावर मच्छिंद्र वैदू आला. पंचक्रोशीत लकव्यावर त्याचा हातखंडा, असं लोक म्हणतात. त्यानं कबुतराचं रक्त चोळलं आणि सांगितलं, "पानी तोडा. लकव्यात पानी मस्तकाला चढतं. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी काढा, बास. वर चमचाभर पेज. थेंब पानी दिलं तर मी जबाबदार न्हाई."

राहीबाईनं त्याचा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. तिनं पाणी वाचवलं असं कुणी मनात आणू नये. आतल्या खोलीत रांजण काठोकाठ भरलेला होता. टँकरमागे धावून, माराकुटीतून, डोक्यावर दोन दोन हंडे आणून ती तो भरायची. स्वतः मोजकं प्यायची. तो बरा झाला की त्याला न्हाऊ घालायचं म्हणून ठेवलेलं पाणी होतं ते.

आठवड्याभरानं त्याच्या तोंडून शब्द फुटला. एकच. रविवारी मी गावात आल्याचं कळताच राहीबाई दारात. "गुरुजी, मालक बोलत्यात. चला."

तो वाकळेवर पडलेला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मला वाटलं आजाराचं आहे. आम्हाला बघून त्यानं डाव्या हातानं मेलेला उजवा हात उचलला, छातीवर आणला आणि दोन्ही हात जुळवून पुढे केले.

"मूल," तो म्हणाला. "मूल... उसेयो."

"काय म्हनत्यात?" राहीबाईनं विचारलं. "चार दिस झालं हेच चाललंय. गुरुजी, तुमाला त्यांची ती तिकडची भाषा येती न्हवं? मला वाटतं त्यातलंच कायतरी हाय."

तिला वाटलं होतं. अक्षरशत्रू बाई, तिच्या कानानं बरोबर ओळखलं होतं. आणि मी, शेपटांचा तज्ज्ञ, काय म्हणालो?

"यात तिकडचं काय आहे, राहीबाई? स्वच्छ मराठी आहे. मूल. मूल मागतोय तो. पुढचं ते जीभ अडखळतेय म्हणून."

ती त्याच्या पायथ्याशी बसली. "मूल? आता? ह्या वयात?"

"तुमचंच हवं असं कुठे आहे? नात्यातलं एखादं मांडीवर घ्यावंसं वाटत असेल. बघा, हात कसे केलेत. घ्यायला केलेत."

भिमाजी माझ्याकडे बघत होता. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, आणि डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. माझेही डोळे भरून आले. जन्मभर मनात दाबलेली हौस मरताना वर आली, असं मला वाटलं आणि हे आपल्याला ओळखता आलं म्हणून बरंही वाटलं. मी पाच मिनिटं बसलो. दाढी करायची होती, कपडे धुवायला पडले होते. निघालो.

कुणी विचारेल, त्यानं तोंडाकडे बोट का नाही दाखवलं? आता मी नगरच्या एका डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. ते म्हणाले, मेंदूत जिथे घाव बसतो तिथली शिकलेली खूण पुसली जाते, कुठली राहते आणि कुठली जाते ते आपल्या हातात नसतं. भिमाजीची जन्मभाषा गेली. त्या तारेपाशी सहा महिने ऐकलेलं एक वाक्य तेवढं राहिलं, आणि त्या वाक्याबरोबरचे दोन हात.

सोमवारी राहीबाई एसटीनं श्रीगोंद्याकडे गेली. तिचा भाऊ गहिनीनाथ तिथे कारखान्याच्या ऊसतोडीवर होता, बायको-पोरांसकट पालात. दोन दिवस भिमाजीजवळ शेजारची म्हातारी बसली. तिला राहीबाईनं शपथ घातली होती, काही झालं तरी पाणी द्यायचं नाही. बुधवारी ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर भावाची धाकटी, बनू. चार दिवसांसाठी म्हणून आणलेली. चांगुणाला फडातून येता आलं नाही.

गुरुवारी धुळवड. कामाला सुट्टी, म्हणून मी गावात होतो. राहीबाईनं मला बोलावलं, शेजारपाजारही जमला. तिनं तांब्याभर पाण्यात बनूला अंघोळ घातली होती, नवा फ्रॉक घातला होता, काजळ घातलं होतं. पोरीला उचलून तिनं भिमाजीच्या त्या दोन हातांवर ठेवलं.

"हे बगा, आनलं. तुमच्यासाटी आनलं."

त्यानं पोरीकडे पाहिलं. मग राहीबाईकडे पाहिलं. "मूल जुसेयो."

"हेच की वो! हेच मूल. आता आपलंच हाय."

"मूल. मूल जुसेयो." आवाज चिरका झाला. डाव्या हातानं त्यानं पोरीला बाजूला सरकवलं. रागानं नाही, वाटेतलं भांडं सरकवावं तसं. बनू घाबरून भोकाड पसरून रडायला लागली. राहीबाई आत गेली, रांजणातून पेलाभर पाणी आणलं आणि त्याच्या उशाशी बसून पोरीला पाजायला लागली. पोर घटाघटा प्यायली. भिमाजीचा डावा हात उठला आणि पेल्याकडे गेला.

"बघा, बघा," बाया म्हणाल्या, "पोरीला धराया बगतोय!"

मीही म्हणालो. हे सुद्धा लिहून ठेवतो, मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास लागला. शेवटचं म्हणून राहीबाईनं तुळशीपत्र घालून चमचाभर पाणी त्याच्या तोंडात घातलं. आता वैदूची बंदी उठली होती. त्यानं तो चमचा दातांत धरला आणि सोडेना. ओढला तरी सोडेना. "पोरीत जीव अडकलाय," कुणीतरी म्हणालं. बनूला आणून पुन्हा त्याच्यासमोर धरलं. मग दात सुटले.

तेराव्याला मी कामावरून आठवड्याची रजा काढून गावात आलो होतो. त्या दिवशी राहीबाईनं चार लोकांत सांगितलं की बनू आता माझी. मालक मागून गेलेत. गहिनीनाथ हो म्हणाला. त्या साली कुणाला एक तोंड कमी झालं तर कुणी नाही म्हणत नव्हतं. तोडीहून परतलेली चांगुणा कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून बसली होती. त्याच संध्याकाळी ती शाळेच्या पायरीशी आली. बसली नाही, उभीच राहिली.

"गुरुजी, मेलेल्या मानसाची इच्छा मोडू न्हाई म्हनत्यात. मी न्हाई मोडायची. पर खरंच तसं म्हनले का वो ते? तुमी सोता ऐकलं म्हनं."

"ऐकलं," मी म्हणालो. "मूल मागत होता. माझ्यासमोर."

ती मान हलवून गेली.

कच्चा मजकूर लिहायला कोरे कागद हवे होते. दुष्काळात शाळेला कागद कुठला येणार? जुन्या वह्यांची मागची पानं फाडायला बसलो. तिसरी वही उघडली ती आज्ञार्थाची. माझंच अक्षर. वळणदार, शाई जरा फिकी झालेली. 'आंजा – बस. आंजुसेयो – बसा (विनंती).' पान उलटलं. 'मूल – पाणी. मूल जुसेयो – पाणी द्या (विनंती, दोन्ही हात पुढे करून).' आणि खाली कंसात: 'घरी बोलू नये.'

मी ते पान किती वेळ बघत बसलो ते मला सांगता येणार नाही. दमयंती चहा घेऊन आली, माझा चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला. तिला सगळं सांगितलं. माझी बायको बोलते कमी आणि बोलली की मुद्द्याचं बोलते.

"सांगू नका," ती म्हणाली.

"आणि चांगुणा?"

"ती तरणी आहे. तिला आणखी होतील. राहीबाईनं हे ऐकून पुढचा जन्म कसा काढायचा?"

मी तिच्यावर खेकसलो. आईच्या कुशीतलं पोर काय भाजीची जुडी आहे, ही गेली दुसरी आणा? खेकसलो, कारण मीही मनातल्या मनात अगदी तेच म्हटलं होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते दमयंतीला सांगितलं नाही. राहीबाईला सांगायचं तर 'स्वच्छ मराठी आहे' हे कुणी म्हटलं होतं, तेही निघणार. माणूस दुसऱ्याच्या दुःखाची काळजी करतो तेव्हा त्यात स्वतःची कातडी किती असते, ते त्या तीन दिवसांत मी चांगलं मोजलं.

शुक्रवारी राहीबाई आली. फडक्यात गुंडाळलेला स्टॅम्पाचा कागद आणि कडेवर बनू. पोर आता तिला चिकटली होती, हे मला दिसलं. नको असताना दिसलं. राहीबाई जमिनीवर बसली, पोरीला मांडीवर घेतलं.

"लिवा गुरुजी. चांगल्या अक्षरात लिवा."

मी दौतीत टाक बुडवला. 'कारणे लिहून देते' एवढं लिहिलं आणि हात थांबला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"राहीबाई," मी म्हणालो, "माझ्याकडून एक मोठी चूक झाली."

मग सांगितलं. वही पुढे ठेवली, तिला वाचता येत नाही तरी बोट ठेवून शब्द दाखवला. पाणी. तो पाणी मागत होता. तुम्ही बरोबर ओळखलं होतं, तिकडची भाषा होती. मीच मराठी म्हणालो. दोष माझा आहे आणि मच्छिंद्रचा आहे, तुमचा नाही. हे मी दोन-तीनदा म्हणालो. ती ऐकत होती का नाही, कळेना. बनू स्टॅम्पाच्या फडक्याशी खेळत होती.

"चमचा सोडत न्हवते," राहीबाई म्हणाली.

मी मान खाली घातली.

"मी त्यांच्या उशाला बसून पोरीला पाजलं." मग म्हणाली, "रांजन भरल्याला हुता, गुरुजी."

"ठाऊक आहे मला."

"तुमी सांगाया नको हुतं."

मी कागदाकडे पाहिलं. तिनं ते पाहिलं.

"पोर जाईल आजच तिच्या आयेकडं. ती काळजी करू नका. मीच न्हिऊन देते. पर तुमी सांगाया नको हुतं. मूल मागून गेले म्हनून मी रडत हुते, पर झोपत हुते."

तिनं फडकं बनूच्या हातातून काढून घेतलं, कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. उठेल असं वाटलं, पण उठली नाही. वहीकडे बघत राहिली.

"त्यातलं पानी म्हंजी मूल. मग फुडचं काय?"

"जुसेयो. द्या."

"दे, का द्या?"

"द्या. तो आदराचा शब्द आहे. 'दे' म्हणायला वेगळा आहे, ज्वो. तो हुकमाचा. हा विनंतीचा. मोठ्या माणसाला म्हणतात तो."

"मला म्हनले त्ये?"

"तुम्हालाच."

"मला," ती म्हणाली, "अहो-जाहो केलं मालकांनी." आणि मग तिला रडू फुटलं. इतके दिवस ती सुतकातल्या बायकांत रडत होती ते मी पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. आवाज नव्हता याला. बनू घाबरून तिच्या तोंडाकडे बघायला लागली. मी उठून दार लोटून घेतलं, दुसरं काय करणार? मला माझी लाज वाटत होती आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "म्हनून दावा एकदा. सगळं."

"मूल जुसेयो," मी वहीतलं वाचलं.

"असं न्हाई. फुडचा 'यो' लांबवायचे ते. जुसेयोऽऽ. वर चढवून." तिनं ते नेमकं त्याच्यासारखं म्हटलं. आठवडाभर तिनं ते ऐकलं होतं, दिवसातून किती वेळा कुणास ठाऊक. तो सूर वहीत नव्हता, तिच्याकडे होता.

"आन गुरुजी," तिनं विचारलं, "असं कुनी मागितलं, तर देनारानं काय म्हनायचं असतं?"

मी पान उलटलं. पुढचंही उलटलं. बस होतं, ऊठ होतं, जा होतं, थांबा होतं, द्या होतं. भिमाजी तिथे तारेच्या अलीकडे उभा राहून सहा महिने ऐकत होता. देताना काय म्हणतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, की त्यानं मला सांगितलं नव्हतं, की मीच विचारलं नव्हतं, आता कळायला मार्ग नाही.

"ते यात नाही, राहीबाई," मी म्हणालो.

तिनं बनूला कडेवर घेतलं आणि पोरीच्या आईकडे जायला निघाली.